वीज नसतानाही दार उघडता आले पाहिजे : कोकणातल्या नव्या इलेक्ट्रिक गाडीमालकांसाठी

कोकणात इलेक्ट्रिक गाडी नव्याने घेणाऱ्याला एका चार्जिंगमध्ये गाडी किती चालेल, घरी चार्जर कुठे बसवायचा आणि महावितरणकडे भारवाढीचा अर्ज कसा करायचा, हे सगळे शोरूममध्ये नीट समजावून सांगतात. गाडीतली वीज गेली तर दार कसे उघडायचे, हे मात्र आपण होऊन विचारल्याशिवाय बहुधा कोणी दाखवत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात मी तीन वर्षे इलेक्ट्रिक गाडी वापरतो आहे. या काळात मोठ्या बॅटरीने मला एकदाही अडवले नाही. अडवले ते दारांनी, आणि तेही दोनदा. शहरात अशा वेळी तासाभरात माणूस येतो. आपल्याकडे सर्व्हिस सेंटर साठ-सत्तर किलोमीटरवर असते, मध्ये घाट किंवा खाडी असते आणि फोनला रेंज असेलच असे नाही. म्हणून हे सगळे आधी शिकून ठेवावे लागते.

सुरुवात वीज कुठून येते तिथून करावी. दारांना लागणारी वीज गाडीच्या तळाशी असलेल्या मोठ्या बॅटरीतून थेट येत नाही. जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीत साध्या गाडीसारखी एक छोटी, साधारण १२ व्होल्टची बॅटरी असते आणि लॉक, काचा, हँडल, स्क्रीन आणि गाडीला जागे करणारी सगळी यंत्रणा तिच्यावर चालते. गाडी चालू असताना किंवा चार्जिंगला लावलेली असताना मोठी बॅटरी या छोटीला भरत राहते. काही गाड्यांत उभ्या गाडीतही हे काम अधूनमधून आपोआप होते. त्यामुळे मोठ्या बॅटरीत ८० टक्के चार्ज असला तरी छोटी बॅटरी उतरली, की गाडी किल्लीला दाद देत नाही. माझ्या बाबतीत पहिल्यांदा हेच झाले. गाडी तीन आठवडे पडवीबाहेर उभी होती, डॅशकॅमची वायर चोवीस तास वीज खात होती आणि मुंबईहून परत आल्यावर एकही दार उघडेना. मुंबईत नोकरी आणि गावच्या घरी गाडी, अशी ज्यांची व्यवस्था आहे, त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

आता आपल्या गाडीचे दार कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखा. बहुतेक गाड्यांत आतले हँडल तारेने थेट कडीला, म्हणजे लॅचला, जोडलेले असते आणि फक्त लॉक विजेवर चालते. अशा गाडीत माणूस आत अडकण्याचा धोका कमी असतो. दुसरा प्रकार दाराच्या पत्र्यात बसणाऱ्या हँडलचा. टाटा कर्व्ह, महिंद्रा बीई ६, एमजी विंडसर या गाड्यांवर अशी हँडल आहेत. वीज नसताना अशा हँडलची एक बाजू दाबून ते हाताने बाहेर काढता येते की नाही, हे प्रत्येक मॉडेलचे वेगळे असते आणि ते पुस्तिकेत पाहावे लागते. तिसऱ्या प्रकारात कडीच विजेवर चालते, आतून-बाहेरून नुसते बटण दाबायचे असते आणि आणीबाणीसाठी हाताने ओढायची एक वेगळी कळ दिलेली असते. टेस्ला मॉडेल वायमध्ये पुढच्या दारांची ही कळ काच वर-खाली करायच्या बटणांपुढे आहे, पण मागच्या दारांची कळ दाराच्या खालच्या कप्प्यातल्या झाकणाखाली आहे. अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत, पहिल्यांदाच मागे बसलेल्या पाहुण्याला ती सापडेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेच्या रस्तासुरक्षा खात्याने सप्टेंबर २०२५ मध्ये २०२१ सालच्या सुमारे १ लाख ७४ हजार मॉडेल वाय गाड्यांच्या दारांची चौकशी सुरू केली. मुले मागच्या आसनावर असताना बाहेरून दार उघडेना आणि काही पालकांना काच फोडावी लागली, अशा तक्रारी तिथे आल्या होत्या. त्यांच्या मुळाशी छोट्या बॅटरीचा कमी झालेला दाब, म्हणजे व्होल्टेज, असावा असे त्या खात्याला दिसले. चीनने तर १ जानेवारी २०२७ पासून नव्या मॉडेलच्या दारांना आतून आणि बाहेरून हाताने उघडण्याची सोय सक्तीची केली आहे.

अंगणातला सराव

एखाद्या रविवारी सकाळी गाडी अंगणात घ्या आणि घरातल्या सगळ्यांना बोलवा. आधी रिमोटमधली लपवलेली किल्ली काढायला प्रत्येकाला शिकवा. रिमोटच्या कडेला एक खटका असतो, तो दाबला की पात्यासारखी किल्ली बाहेर येते. तिचे भोक बहुधा चालकाच्या दाराच्या हँडलपाशी एका टोपीखाली असते. ती टोपी नखाने किंवा किल्लीच्याच टोकाने उचकटावी लागते. हे भोक कधीच वापरले जात नाही आणि खारी हवा मात्र त्याला रोज लागते, म्हणून सहा महिन्यांतून एकदा किल्ली घालून फिरवून पाहावी. किल्ली जड फिरत असेल तर भोकात ग्राफाइटची पूड घालावी. आपल्याकडे हाताशी असते म्हणून खोबरेल सोडतात. ते करू नये. खोबरेल थंडीत थिजते आणि तांबडी धूळ धरून ठेवते.

त्यानंतर प्रत्येकाने प्रत्येक जागेवर बसून आतून हाताने दार उघडून पाहावे. मागचे दार आतून उघडले नाही तर लगेच बिघाड समजू नका. दाराच्या कडेला असलेले मुलांचे कुलूप, म्हणजे चाइल्ड लॉक, लागलेले आहे का ते आधी पाहा. ज्या घरात लहान मूल आणि थकलेली आजी एकाच गाडीने जातात, तिथे मुलाच्या बाजूचे कुलूप लावलेले आणि आजीच्या बाजूचे उघडे असावे. शेवटी बॉनेट उघडायची कळ, छोट्या बॅटरीची जागा आणि चार्जिंगची गन अडकली तर ती हाताने सोडवायची दोरी, या तीन गोष्टी डोळ्यांखालून घाला. नारिंगी रंगाच्या तारांना हात लावायचा नाही, हे मुलांनाही याच वेळी सांगा. त्या मोठ्या बॅटरीच्या असतात आणि त्यांतला दाब जीवघेणा असतो.

गाडीत काच फोडायची छोटी हातोडी ठेवा, पण ती डिकीत ठेवू नका. चालकाच्या हाताला येईल अशा कप्प्यात ठेवा. साधे व्होल्टमीटरही घ्या, ते काही शे रुपयांत मिळते.

कोकणात दारे का बिघडतात

दुसऱ्यांदा दाराने दगा दिला तो दाभोळच्या जेट्टीवर. धोपाव्याला जाणारी फेरीबोट लागत होती, पाऊस होता आणि मागच्या डाव्या बाजूला आई बसली होती. तिने हँडल ओढले. हँडल हाताला सैल लागले आणि कडी हललीच नाही. बाहेरून ओढले तरी तेच. शेवटी गुडघे दुखत असतानाही तिला आसनावरून सरकत उजव्या दाराने उतरावे लागले. चाइल्ड लॉक लावलेले नव्हते आणि छोटी बॅटरीही भरलेली होती.

कारण घरी आल्यावर कळले. दार उघडे ठेवून हलवले की आत पाण्याचा डचमळ असा आवाज येत होता. प्रत्येक दाराच्या खालच्या पट्टीवर पाणी निघून जाण्यासाठी दोन-तीन छोटी छिद्रे असतात, कारण काचेच्या रबराच्या फटीतून पावसाचे थोडे पाणी दारात उतरतेच. आपल्या तांबड्या मातीने ती छिद्रे लिंपून गेली होती. नारळाच्या झापातली एक हीर, म्हणजे पातीची काडी, काढून मी ती छिद्रात हलके फिरवली, तेव्हा आधी चिखलाची गोळी पडली आणि मग जवळजवळ तांब्याभर गढूळ लाल पाणी वाहिले. मेकॅनिकने आतले पॅनेल काढले, तेव्हा लॅचच्या जोडणीवरच्या पितळी पिनांवर हिरवा थर चढलेला होता आणि हँडलपासून येणारी तार गंजून तिच्या आवरणातच अडकली होती. जूनच्या आधी एकदा आणि पावसाळ्यात दर महिन्याला ही छिद्रे पाहणे, एवढ्यानेच अर्धे बिघाड टळतात असे माझे मत आहे. तार किंवा खिळा वापरू नका, रंग खरवडला की तिथूनच गंज सुरू होतो. हीर किंवा लाकडी काडी पुरते.

दुसरे कारण उंदीर. दार आणि गाडीची चौकट यांच्यामध्ये जो रबरी नळा असतो त्यातून सगळ्या तारा जातात, आणि भात किंवा काजू साठवलेल्या घराजवळ गाडी उभी असेल तर उंदीर तो नळा कुरतडतात. दार एका ठरावीक कोनात उघडल्यावर काच चालते आणि दुसऱ्या कोनात थांबते, असे होत असेल तर तार तिथेच तुटली आहे असे समजावे. तिसरे कारण समुद्र. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी नेऊच नये. पण किनाऱ्याजवळ राहत असाल तर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने हँडलच्या खाचा धुवा, मात्र प्रेशर पंपाची धार त्या खाचांवर सरळ मारू नका. लॅचला पांढरे ग्रीस आणि रबराला सिलिकॉन स्प्रे एवढे पुरेसे आहे.

दार उघडत नसेल तेव्हा

पहिला प्रश्न एकच : आत कोणी आहे का? आत मूल, वृद्ध किंवा आजारी माणूस असेल आणि ते स्वतः दार उघडू शकत नसतील, तर हा सर्व्हिसचा विषय राहत नाही. रिमोट, मोबाइलचे ॲप, लपवलेली किल्ली आणि बाकीची दारे हे सगळे दोन-तीन मिनिटांत करून पाहा आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी ११२ वर फोन करायला सांगा. ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडी दहा-पंधरा मिनिटांत असह्य तापते. मूल घामाघूम किंवा सुस्त दिसत असेल, तर त्याच्यापासून सर्वांत लांब असलेली बाजूची काच फोडा. घाव मधोमध न घालता काचेच्या खालच्या कोपऱ्यात घाला. पुढची मोठी काच फोडायचा प्रयत्न करू नका, ती पदर चिकटवलेली असते आणि तडकली तरी निघत नाही. काही गाड्यांत पुढच्या दारांच्या काचाही तशाच असतात, म्हणून मागच्या दाराची काच निवडावी. नव्या काचेचा खर्च होईल, पण त्याचा हिशेब नंतर करता येतो.

पाणी चढत असेल तर याहून घाई करावी लागते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये किती वेगाने चढले, हे इथल्या लोकांना सांगायला नको. पाणी दाराच्या खालच्या कडेला लागले, की वीज चालू आहे तोवरच काचा खाली घ्या आणि खिडकीतून बाहेर पडा. बाहेरच्या पाण्याच्या दाबामुळे चांगले दारही उघडत नाही. फेरीबोटीवर गाडी चढवण्याआधीही काचा खाली आणि लॉक उघडे ठेवावे आणि म्हाताऱ्या माणसांना जेट्टीवरच उतरवून घ्यावे.

आत कोणी नसेल तर शांतपणे पुढे जा. आधी रिमोटचा सेल बदलून पाहा. तो बहुधा सीआर २०३२ असतो आणि किराणा दुकानातही मिळतो. मग लपवलेल्या किल्लीने चालकाचे दार उघडा, बॉनेट उघडा आणि छोट्या बॅटरीचा दाब मोजा. ती शिशाची असेल तर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाब म्हणजे ती भरलेली आहे. १२ च्या खाली ती अशक्त झालेली असते आणि ११.८ च्या खाली जवळजवळ रिकामी. काही गाड्यांत ही बॅटरी लिथियमची असते, तिचे आकडे वेगळे असतात. पुस्तिकेत परवानगी असेल तर पुस्तिकेत दाखवलेल्या टोकांनाच लावून जम्प स्टार्टरने, म्हणजे बाहेरून वीज देणाऱ्या छोट्या यंत्राने, तिला उठवता येते. शेजाऱ्याची बंद पडलेली जीप आपल्या इलेक्ट्रिक गाडीच्या छोट्या बॅटरीवरून सुरू करून देऊ नका. बहुतेक कंपन्या याला स्पष्ट मनाई करतात. चौकट नसलेल्या काचेची दारे असतील तर वीज नसताना दार जोरात ओढू नका, कारण उघडताना काच थोडी खाली सरकते ती तेव्हा सरकत नाही आणि रबरात अडकून फुटू शकते.

उलट त्रासही होतो : दार लागतच नाही. अशा वेळी लॅचमधला चिमटा पाहा. दार उघडे असतानाच तो चुकून बंद स्थितीत गेला असेल तर दार कितीही आपटले तरी लागणार नाही. हँडल ओढून धरा आणि स्क्रूड्रायव्हरने चिमटा अलगद मोकळा करा. विजेच्या कडीला यासाठी वीज लागते, म्हणून आधी छोटी बॅटरी तपासा. तरीही दार लागले नाही तर नायलॉनच्या दोरीने ते आतून पलीकडच्या आसनाच्या पायाला बांधून जवळच्या सुरक्षित जागेपर्यंतच गाडी न्यावी, त्या बाजूला कोणालाही बसवू नये आणि या अवस्थेत घाट उतरू नये.

तातडीची सेवा मागताना

मदत मागण्याची भाषा नेमकी असेल तर मदत लवकर येते, हे मी अनुभवाने सांगतो. ‘गाडी बंद पडली’ एवढेच सांगितले तर साधी क्रेन येते, आणि इलेक्ट्रिक गाडी मोटरला जोडलेली चाके जमिनीवर ठेवून ओढली तर मोटरचे नुकसान होते. म्हणून पहिल्याच वाक्यात गाडी इलेक्ट्रिक आहे आणि सपाट पाठीची, म्हणजे फ्लॅटबेड, गाडीच हवी असे सांगा. छोटी बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर हँडब्रेक सुटत नाही, हेही सांगा. म्हणजे ते चाकांखाली घालायच्या ट्रॉल्या घेऊन येतात. मग गाडीचा नंबर, मॉडेल, किती किलोमीटर चालली, कोणते दार, आतून उघडत नाही की बाहेरून, स्क्रीनवर कोणता संदेश आहे आणि बॅटरीचा दाब किती, असे क्रमाने सांगा. जागा सांगताना ‘रत्नागिरीच्या अलीकडे’ पुरत नाही. मुंबई–गोवा महामार्गावर असाल तर किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, जवळचा फाटा आणि गाडी कोणत्या बाजूला तोंड करून उभी आहे हे सांगा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वरही मदत मागता येते. रेंज जाणार असेल तर जागेचा दुवा आधीच संदेशाने पाठवून ठेवा आणि गावातल्या एका माणसाचा नंबर द्या. फोन ठेवण्याआधी तक्रार क्रमांक, येणाऱ्या माणसाचा नंबर आणि गाडी नेमकी कुठे नेणार हे लिहून घ्या. आपल्या जवळच्या सेंटरला इलेक्ट्रिक गाडीचे काम येत नसेल तर गाडी आंबा घाट चढून कोल्हापूरला जाते, आणि ते आधी ठाऊक असलेले बरे. विम्यात रस्त्यावरच्या मदतीचे वाढीव कलम घेतले असेल तर किती किलोमीटरपर्यंतचा टोइंग खर्च त्यात येतो हे कोरड्या दिवशी वाचून ठेवा.

सर्व्हिस सेंटरमध्ये जॉबकार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, ‘दाराची तक्रार’ असे मोघम लिहू देऊ नका. ‘मागचे डावे दार पावसात दोन्ही बाजूंनी उघडत नाही, कोरड्या दिवशी उघडते, आठवड्यात चार वेळा झाले’ असे लिहून घ्या, कारण एसीच्या कोरड्या शेडमध्ये दार हमखास उघडते आणि ‘बिघाड आढळला नाही’ असा शेरा मारून गाडी परत मिळते. दार अडते तेव्हाचा तारीख दिसणारा व्हिडिओ काढून ठेवा. चालकाचे दार किंवा मूल बसते त्या बाजूचे दार बेभरवशाचे असेल तर त्याला सुरक्षेचा दोष म्हणा आणि लेखी म्हणा. भाग मुंबई-पुण्याहून यायला दिवस लागतात. गौरी-गणपतीत आणि शिमग्यात तर शेडमध्ये माणसेच नसतात, त्यामुळे दार कुरकुरायला लागले असेल तर सणाच्या तीन आठवडे आधी गाडी दाखवा. वॉरंटी संपत आलेली असेल तर त्याच मुदतीत तक्रार नोंदलेली असणे महत्त्वाचे, दुरुस्ती नंतर झाली तरी चालते.

एवढे करूनही टाळाटाळ होत असेल तर कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल पाठवा आणि त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार द्या. तिथेही भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो, मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता येतो. एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांत तोच दोष दिसत असेल तर परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर त्याची नोंद करा. पुरेशा तक्रारी आल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ११० अ नुसार सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. दुरुस्त केलेले दार आतून दहा वेळा आणि बाहेरून दहा वेळा उघडा, काच वर-खाली करा, चाइल्ड लॉक लावून आणि काढून पाहा. मग सेंटरमधल्याच पाण्याच्या नळीने दारावर पाच मिनिटे पाणी सोडायला सांगा, खालच्या छिद्रांतून ते बाहेर पडते का हे वाकून पाहा आणि ओल्या दाराचे हँडल पुन्हा ओढून बघा. बदललेला जुना लॅचही दाखवायला सांगा. त्याच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर उरलेली तीन दारेही त्याच दिवशी उघडून तपासून घ्या.